माफीचा अर्ज - जॅक जॉन्सनवरच्या माहितीपटाच्या निमित्ताने

मुष्टियुद्ध हा काही माझा प्रांत नव्हे. आमच्या घरात कुणी हातमोजे घातले असतील तर ते ओव्हनमधून केक काढण्यापुरते! तरीही केन बर्न्सचा 'अनफर्गिव्हेबल ब्लॅकनेस' हा जॅक जॉन्सनवरचा माहितीपट मी आतापर्यंत दोनदा अथपासून इतिपर्यंत पाहिलाय. एकदा डीव्हीडीच्या जमान्यात आणि एकदा आत्ता, गेल्या महिन्यात. "तुला ठोसे मारणाऱ्या माणसांमध्ये एवढा रस कधीपासून?" असं दादाने फोनवर विचारलं. त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख. जरा लांबलाय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आधी ज्यांनी हा माहितीपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. केन बर्न्स म्हणजे अमेरिकन यादवी युद्धावरची १९९० सालची ती गाजलेली मालिका करणारा दिग्दर्शक. जुने फोटो, त्यांवरून सावकाश फिरणारा कॅमेरा, मागे कुणीतरी वाचत असलेली पत्रं आणि वर्तमानपत्रं, ही त्याची पद्धत. जॉन्सनवरचा माहितीपट अमेरिकेत पीबीएस वाहिनीवर जानेवारी २००५ मध्ये दाखवला गेला. दोन भाग, मिळून साडेतीन तासांच्या आसपास. पहिल्या भागात उदय, दुसऱ्यात अस्त. लेखन जेफ्री वॉर्डचं, संगीत विंटन मार्सालिसचं, आणि जॉन्सनचा आवाज सॅम्युएल जॅक्सनचा. नावातले दोन शब्द डब्ल्यू. ई. बी. दुबॉय या कृष्णवर्णीय विचारवंताचे. १९१४ साली त्याने लिहिलं होतं की या माणसाबद्दलची खरी तक्रार त्याच्या वागण्याची नाहीच, त्याच्या कातडीची आहे. तो काळा आहे, आणि हा त्याचा अपराध क्षमेच्या पलीकडचा आहे.

आता हा जॅक जॉन्सन कोण? तर जन्म १८७८ चा, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. १९०१ साली गावातच जो चॉयन्स्की नावाच्या अनुभवी मुष्टियोद्ध्याने त्याला झोपवला. टेक्सासमध्ये तेव्हा पैशासाठी मुष्टियुद्ध खेळणं बेकायदा, त्यामुळे पोलिसांनी जिंकलेला आणि हरलेला असे दोघेही उचलून तुरुंगात टाकले. तीनेक आठवडे दोघे एकाच कोठडीत. चॉयन्स्कीने या पोराला तिथेच चार गोष्टी शिकवल्या. ठोसा चुकवायचा कसा, समोरच्याला दमवायचं कसं. पुढे जगाला ज्या बचावाचं कौतुक वाटलं त्याची तालीम ही अशी सरकारी खर्चाने झाली!

त्या काळी गोऱ्या हेवीवेट विजेत्यांचा एक अलिखित नियम होता: काळ्यांशी इतर लढती खेळू, पण किताबासाठी खेळणार नाही. जिम जेफ्रीज नावाचा जगज्जेता १९०५ साली अपराजित निवृत्त झाला तो हा नियम पाळूनच. जॉन्सनने मग त्याच्यानंतरच्या विजेत्याचा, टॉमी बर्न्सचा, अक्षरशः जगभर पाठलाग केला. शेवटी २६ डिसेंबर १९०८ ला ऑस्ट्रेलियात, सिडनीला बर्न्स उभा राहिला. तोही मजबूत पैसे मोजून घेतल्यावर. बर्न्सला मिळाले सुमारे तीस हजार डॉलर आणि जॉन्सनला पाच हजार. चौदाव्या फेरीत बर्न्सची अवस्था इतकी वाईट झाली की पोलिसांनीच लढत थांबवली. आणि त्याच वेळी चित्रीकरणाचे कॅमेरेही बंद करायला लावले. एका काळ्या माणसाने गोऱ्या जगज्जेत्याला लोळवलं हे घडलं ते घडलं, निदान दिसू तरी नये.

ही 'दिसू नये'ची धडपड माहितीपटात पुन्हा पुन्हा येते आणि मला वाटतं बर्न्सच्या कामाचा सगळ्यात पक्का भाग तोच आहे.

सिडनीच्या लढतीनंतर जॅक लंडनने (हो, लहानपणी आपण ज्याच्या कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या गोष्टी वाचल्या तोच) वर्तमानपत्रातून जेफ्रीजला साकडं घातलं की बाबा रे, शेत सोडून ये आणि गोऱ्यांची अब्रू वाचव. जेफ्रीजने भरपूर वजन उतरवलं आणि तो आला. ४ जुलै १९१०, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, नेवाडातलं रेनो गाव. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने ऐनवेळी परवानगी नाकारल्यामुळे खास या लढतीसाठी तिथे लाकडी स्टेडियम उभारलं होतं. पंचेचाळीस फेऱ्यांची लढत ठरली होती, पंधराव्या फेरीत संपली. जो जेफ्रीज आयुष्यात कधी खाली पडला नव्हता त्याला जॉन्सनने एकाच फेरीत अनेकदा पाडलं. तेही हसत, समोरच्याशी आणि रिंगणाबाहेरच्यांशी गप्पा मारत! त्याचे ते सोन्याचे दात आणि ते हसू यांचा अनेकांना ठोशांपेक्षा जास्त राग होता, हे माहितीपट बघताना नीट कळतं.

त्या रात्री अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत दंगली झाल्या. तारेने बातमी पोचली आणि रस्त्यात आनंद साजरा करणाऱ्या, किंवा नुसत्याच चाललेल्या, काळ्या माणसांवर गोऱ्या जमावाने हल्ले केले. माणसं मेली. मेलेल्यांत बहुतेक काळेच होते.

मग आली चित्रफितीची पाळी. लढतीचं चित्रीकरण झालं होतं, ते दाखवायला शहरांमागून शहरांनी, राज्यांमागून राज्यांनी बंदी घातली. १९१२ साली तर अमेरिकेच्या संसदेने कायदाच केला की मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायच्या नाहीत. हा कायदा १९४० पर्यंत होता. एका माणसाच्या हसण्याला घाबरून केलेला कायदा अठ्ठावीस वर्षं टिकला! आणि गंमत बघा, २००५ साली, म्हणजे हा माहितीपट दाखवला गेला त्याच वर्षी, तीच रेनोची चित्रफीत अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट ठेव्यात जतन करण्यासाठी निवडली गेली.

ही भीती फक्त अमेरिकेपुरती नव्हती. १९११ साली लंडनमध्ये जॉन्सनची लढत बॉम्बार्डियर बिली वेल्स या इंग्रजाशी ठरली. पाद्र्यांनी ओरड केली, गृहमंत्र्याने लढत बेकायदा ठरवली आणि ती रद्द झाली. गृहमंत्री कोण? विन्स्टन चर्चिल. विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा असा होता की साम्राज्यातल्या काळ्यासावळ्या प्रजेने हे पाहिलं तर काय? म्हणजे त्या प्रजेत आपले पणजोबा-खापरपणजोबाही आलेच की. आदल्याच वर्षी गामा पैलवान लंडनला जाऊन रोलर आणि झिबिस्कोसारख्यांना भारी पडला होता, त्याच्या गोष्टी आपल्याकडे अजून चवीने सांगतात. पण गामाने मैदान मारलं आणि तो घरी परतला. जॉन्सन परतणार कुठे? तो ज्यांना हरवत होता त्यांच्याच देशात, त्यांच्याच शेजारी राहत होता. भारी मोटारी उडवत होता, उंची कपडे घालत होता, आणि उघडपणे गोऱ्या बायकांबरोबर हिंडत होता.

इथून माहितीपटाचा दुसरा भाग सुरू होतो आणि इथूनच माझं आणि त्याचं थोडं बिनसतं.

पण आधी त्याचं जे उत्तम आहे ते सांगते. जॉन्सनला रिंगणात कुणी हरवत नाही म्हटल्यावर त्याला कोर्टात हरवायचं ठरलं. त्यासाठी वापरलेला मान कायदा जून १९१० मधला. बायकामुलींना पळवून, फसवून वेश्याव्यवसायासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणाऱ्यांना पकडण्यासाठी तो केला होता. पण त्यात 'किंवा अन्य कोणत्याही अनैतिक हेतूने' अशा अर्थाची एक पुस्ती होती. ही पुस्ती म्हणजे गोणीसारखी, काय वाट्टेल ते भरा!

ऑक्टोबर १९१२ मध्ये लुसिल कॅमेरॉन या तरुणीच्या आईने तक्रार केली की जॉन्सनने आपली मुलगी पळवली. जॉन्सनला अटक झाली. पण लुसिल काही सरकारच्या बाजूने बोलेना. मी माझ्या मर्जीने आलेय म्हणे. मग सरकारने काय केलं? तिला कोठडीत ठेवलं! जिचं 'रक्षण' करायचं तिलाच डांबलं. तरी ती बधली नाही, आणि सुटल्यावर डिसेंबरमध्ये तिने जॉन्सनशी लग्न केलं. त्यावर जॉर्जियाचा एक खासदार संसदेत उभा राहिला आणि काळ्या-गोऱ्यांच्या लग्नांवर बंदी घालणारी घटनादुरुस्ती करा म्हणाला.

सरकारी माणसांनी तोवर दुसरी बाई शोधली. बेल श्रायबर. ही शिकागोतल्या एका महागड्या कुंटणखान्यात होती आणि काही काळ जॉन्सनबरोबर राहिलेली. १९१० साली जॉन्सनने तिला पिट्सबर्गहून शिकागोला यायला ७५ डॉलर पाठवले होते. तेवढ्या पैशांभोवती सगळा खटला उभा राहिला. मे १९१३, शिकागो. ज्यूरीत सगळे गोरे. दोन तासही लागले नाहीत, दोषी! शिक्षा एक वर्ष आणि एक दिवस, शिवाय हजार डॉलर दंड. निकालानंतर सरकारी वकिलाने उघडच बोलून दाखवलं की या एका माणसाचा छळ झाला असं कुणी म्हणेल, पण मिश्र विवाहांच्या दुष्परिणामांचं ठळक उदाहरण होणं हे त्याचं दुर्दैव. म्हणजे खटला कशाचा होता ते वकिलानेच सांगून टाकलं, माहितीपटाला वेगळं सिद्ध करायची गरजच उरली नाही.

जॉन्सन जामिनावर असताना कॅनडामार्गे फ्रान्सला निसटला. सात वर्षं परागंदा. ५ एप्रिल १९१५ ला हवानाच्या उन्हात सदतिसाव्या वर्षी जेस विलार्डकडून सव्विसाव्या फेरीत हरला आणि किताब गेला. १९२० साली मेक्सिकोच्या सीमेवर स्वतःहून अमेरिकन अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला, लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगली आणि जुलै १९२१ मध्ये बाहेर आला. १९४६ साली नॉर्थ कॅरोलायनात मोटार अपघातात गेला. त्याच दिवशी एका खानावळीत काळा म्हणून मिळालेल्या वागणुकीने संतापून तो तिथून निघाला होता म्हणतात. अडुसष्ट वर्षांचा होता.

एवढं सगळं बर्न्स फार ताकदीने मांडतो. त्या काळच्या वर्तमानपत्रांतला मजकूर तो जसाच्या तसा वाचून दाखवतो, त्यातली घाण स्वतःच बोलते. जॉन्सनवर याआधीही काम झालंय. १९६८ साली ब्रॉडवेवर 'द ग्रेट व्हाइट होप' हे नाटक आलं, १९७० साली त्याचा सिनेमा निघाला, जेम्स अर्ल जोन्सने भूमिका गाजवली. त्याच १९७० साली विल्यम केटनचा एक माहितीपट आला, त्याला माइल्स डेव्हिसचं संगीत होतं. तो मोहम्मद अलीचा काळ. व्हिएतनामच्या लढाईत जायला नकार दिल्याबद्दल अलीचा किताब काढून घेतलेला, त्यामुळे लोकांना जॉन्सनमध्ये अली दिसत होता. बर्न्सचं काम त्याहून कितीतरी सविस्तर, कागदपत्रांवर घट्ट उभं राहिलेलं.

तर मग तक्रार काय? तक्रार एटाबद्दल आहे.

एटा डुरिया ही ब्रुकलिनच्या सुखवस्तू घरातली गोरी बाई, आधीचं लग्न मोडलेलं. १९०९ च्या सुमाराला जॉन्सनला भेटली. जानेवारी १९११ मध्ये दोघांचं लग्न झालं. पण त्याच्या आधी, १९१० च्या नाताळात, जॉन्सनने तिला इतकं मारलं होतं की तिला शिकागोच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. रेनोच्या विजयाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. ज्या हातांनी जेफ्रीजला पाडलं तेच हात. लग्नानंतरही त्याची बाहेरची प्रकरणं थांबली नाहीत. गोऱ्यांनी तिला वाळीत टाकलं होतं, काळ्यांच्या वस्तीतही तिला आपलं म्हणणारं फार कुणी नव्हतं. १९१२ च्या उन्हाळ्यात जॉन्सनने शिकागोत 'कॅफे द चॅम्पियन' नावाचं झगमगीत हॉटेल काढलं आणि वरच्या मजल्यावर घर थाटलं. त्याच घरात सप्टेंबरमध्ये एटाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. एकतीस वर्षांची होती.

बर्न्स यातलं काही लपवतो का? नाही. मारहाण सांगतो, आत्महत्याही सांगतो. मग? मला खटकतो तो तिला दिलेला वेळ आणि तिची जागा. एटा येते ती जॉन्सनच्या आयुष्यातला एक दुःखद प्रसंग म्हणून. संगीत हळवं होतं, फोटोवरून कॅमेरा सावकाश फिरतो, आणि गोष्ट पुढे लुसिलकडे, अटकेकडे वळते. तिचे ते फोटो मी दुसऱ्या खेपेला थांबवून थांबवून पाहिले. मोठ्या टोपीखालचा गंभीर चेहरा, बघणाऱ्याकडे न बघणारी नजर. पडद्यावर बोलायला बसलेले लेखक, इतिहासकार, खेळ समीक्षक जॉन्सनबद्दल इतकं रंगून, इतकं प्रेमाने बोलतात! माझ्या लक्षात राहिलेले सगळे पुरुषच आहेत. तो कुणाच्या बापाला न घाबरणारा होता, स्वतःच्या मर्जीने जगला, असं ते म्हणतात आणि ते खरंच आहे. पण त्या मर्जीचे पैसे कुणी मोजले, हे तेवढ्याच रंगून कुणी सांगत नाही.

आता तारखा एकापुढे एक ठेवून बघा. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एटा गेली. १८ ऑक्टोबरला जॉन्सनला अटक झाली, एका गोऱ्या बाईचं त्याच्यापासून रक्षण करण्यासाठी. मधे पाचेक आठवडे. ज्या सरकारने पुढे एवढा फौजफाटा लावून साक्षीदार गोळा केले, त्या सरकारला १९१० च्या नाताळात हॉस्पिटलात पडलेली बाई दिसली नव्हती. त्या मारहाणीबद्दल जॉन्सनवर कधी खटला झाला नाही. नवऱ्याने (किंवा होणाऱ्या नवऱ्याने) बायकोला मारणं यात 'अनैतिक' काय आहे? तिकिटाचे पैसे पाठवणं मात्र अनैतिक!

सगळा खटला बायकांच्या नावाने चालला आणि त्यात एकाही बाईचं भलं झालं नाही. लुसिलला कोठडी मिळाली. बेलला तिचं सगळं आयुष्य भर कोर्टात उलगडून दाखवावं लागलं. आणि जिला खरोखर वाचवण्याची गरज होती ती तोवर जमिनीखाली गेली होती. जॉन्सनवर अन्याय झाला तो असा दुहेरी खोटा होता: त्याने न केलेल्या गुन्ह्यासाठी त्याला शिक्षा झाली, आणि त्याने केलेला गुन्हा कुणाला गुन्हा वाटलाच नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. माहितीपटाकडे यासाठी लागणारे सगळे कागद आहेत. तो ते एकापुढे एक मांडतो, पण त्यांच्यातली गाठ मारत नाही.

का मारत नाही? याचं उत्तर माहितीपटाच्या बाहेर सापडतं. बर्न्स नुसता दिग्दर्शक नव्हता, तो अर्जदारही होता. माहितीपट दाखवण्याच्या आधी, २००४ साली, त्याने आणि इतर काहींनी समिती स्थापून जॉन्सनला मरणोत्तर माफी द्यावी असा अर्ज अमेरिकन सरकारकडे केला. सिनेटर जॉन मॅकेन यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बुश यांच्या काळात माफी मिळाली नाही, ओबामांच्याही काळात नाही. शेवटी २४ मे २०१८ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी माफीवर सही केली. शेजारी सिल्व्हेस्टर स्टॅलोन उभा!

अर्ज करणं योग्यच होतं, यात मला शंका नाही. पण अर्जाचं एक शास्त्र असतं. अर्जात आपला माणूस शक्य तितका चांगला दाखवावा लागतो. सगळं खरं लिहायचं, पण अडचणीचं थोडक्यात. या माहितीपटातला एटाचा भाग मला तसा वाटतो. खोटं काही नाही, फक्त थोडक्यात.

अशीच थोडक्यात आवरलेली आणखी एक गोष्ट. जॉन्सन स्वतः जगज्जेता झाल्यावर त्याने इतर काळ्या मुष्टियोद्ध्यांना किताबासाठी जवळजवळ उभंच केलं नाही. सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्ही हे त्या काळचे जबरदस्त लढवय्ये, यांच्याशी तो आधी लढलेला होता. पण किताब हाती आल्यावर गोऱ्यांशी लढण्यात पैसा जास्त आणि धोका कमी हे त्याचं साधं गणित. अपवाद एकच, डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला बॅटलिंग जिम जॉन्सनशी झालेली बरोबरीची लढत. ज्या दारावर त्याने वर्षानुवर्षं धडका मारल्या ते उघडल्यावर आत जाऊन त्याने कडी लावून घेतली. जेनेटने पुढे हेच कडवटपणे बोलून दाखवलं होतं. बुकर टी. वॉशिंग्टनसारखा काळ्यांचा मोठा नेता १९१२ साली जाहीरपणे जॉन्सनपासून दूर झाला. त्याची कारणं वेगळी, जरा सोवळी होती. पण 'समाजाचा नायक' ही वस्त्रं जॉन्सनने स्वतः कधी अंगावर घेतलीच नव्हती. ती इतरांनी चढवली, आधी काळ्या वस्त्यांतल्या लोकांनी, मग १९७० साली, मग २००५ साली.

दादाचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: "म्हणजे त्याला माफी द्यायला नको होती असं तुझं म्हणणं का?"

नाही. शंभर वेळा नाही. इथेच तर मला वेगळं काही म्हणायचंय. खटला खोटा होता तो जॉन्सन चांगला माणूस होता म्हणून नव्हे. कायदा त्याच्या कातडीकडे बघून वापरला म्हणून खोटा होता. तो जगातला सर्वात दुष्ट नवरा असता तरी तो खटला तेवढाच खोटा ठरला असता. अन्याय झालेला माणूस आधी देवमाणूस असावा लागतो, मग आपण त्याच्या बाजूने बोलणार, ही आपली सगळ्यांचीच खोड आहे. आपल्याकडेही गाव, कोर्ट, पेपरवाले कुणावर अन्याय झाला की पहिली चौकशी करतात ती 'पण माणूस कसा होता?' याची. आणि बाजू घेणारे मग घाईघाईने त्याची राहणी, व्यसनं, घरातली भांडणं झाकायला लागतात. त्या झाकण्यात घरातली एखादी एटाही झाकली जाते. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात म्हणायला आपल्याला जमत नाही: की सरकारने या माणसावर अन्याय केला आणि या माणसाने त्या बाईवर अन्याय केला.

साडेतीन तासांत बर्न्सला ते वाक्य म्हणता आलं असतं. रागाने नाही, आवाज चढवून नाही, त्याच्या त्याच संथ शैलीत. त्याने अर्ज कच्चा झाला नसता. उलट वाचणाऱ्याला कळलं असतं की आम्ही या माणसाचं प्रशस्तिपत्र मागत नाही, तुमचा निकाल खोडायला सांगतोय.

मराठीत 'माफी' हा शब्दही मजेशीर आहे. मागतातही आणि देतातही. २०१८ साली सरकारने जॉन्सनला माफी दिली. खरं म्हणजे त्याने मागावी अशी काही चूकच त्या खटल्यात नव्हती. मागायची होती ती सरकारने. आणि ज्या एका गोष्टीसाठी जॉन्सनने कुणाची तरी माफी मागायला हवी होती, ती देण्याचा अधिकार कुठल्याच राष्ट्राध्यक्षाकडे नव्हता. तो एटाकडे होता.

तरीही हा माहितीपट बघा असंच मी म्हणेन. विशेषतः रेनोच्या लढतीचे ते थरथरते, करडे तुकडे, ज्यांच्यावर अठ्ठावीस वर्षं कायद्याची टाच होती. वेळ कमी असेल तर निदान दुसरा भाग तरी. फक्त एटाचा फोटो आला की तिथे जरा थांबवा. बर्न्स पुढे गेला तरी तुम्ही थोडं थांबा.

शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत जॅक जॉन्सन पुरलेला आहे. शेजारी एटा आहे. ती तिथे त्याच्याआधी चौतीस वर्षं एकटीच होती.